दोन घरचा आवाज

१

सोमवारी सकाळी साडेदहाला भूमिका महाजननं जळगावचं फोल्डर उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

आधी तिला वाटलं, नेट गेलं असेल. चोपड्यात नेट जायला निमित्त लागत नाही. तिनं बंद करून पुन्हा उघडलं. वर नाव होतं: उखर्डू महाजन, चोपडा, वय सदुसष्ट. खाली चौदाशे बारा वाक्यं असायला हवी होती. तिथं शून्य. तरी ती घाबरली नाही. एका घरी दगाफटका झाला तर दुसऱ्या घरी असावं, म्हणूनच तर तिनं तोच ऐवज दोन घरी ठेवला होता. तिनं धुळ्याचं फोल्डर उघडलं.

तिथंही शून्य.

मग मात्र तिनं खुर्ची मागे सरकवली आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. गळ्याच्या खळग्यात भोक, त्यावर पांढरी जाळी. कॅन्सरपायी अकरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. या माणसानं एकोणतीस वर्षं चोपड्याच्या बसस्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या. "शिरपूरमार्गे धुळे" म्हणताना शेवटच्या शब्दाला ते असा हेल द्यायचे की सासरी निघालेल्या पोरीला फलाटावरच रडू फुटायचं. तो आवाज आता उरला होता फक्त या चौदाशे बारा वाक्यांत. ऑपरेशनआधी सतरा दिवस, भिंतींना गोधड्या टांगलेल्या खोलीत बसून आबांनी एकेक वाक्य वाचून रेकॉर्ड केलं होतं. त्यातून संगणक त्यांचा आवाज घडवणार होता. आबा फोनवर टाईप करतील आणि फोन त्यांच्याच आवाजात बोलेल.

त्या कामाला आज सुरुवात व्हायची होती.

आबांनी अंगठीनं खाटेच्या लोखंडावर टकटक केलं. पाटी वर धरली. "झायं का?"

"होतंय आबा. थोडा टाइम लागेल," ती म्हणाली. बापाला आयुष्यात फार खोटं बोललेली पोरगी नव्हती ती, पण त्या दिवशी तोंडातून सरळ निघालं.

रेकॉर्डरमधलं मूळ कार्डही उरलं नव्हतं. रेकॉर्डर सगळ्यांत मिळून एकच, मागून आणलेला. धरणगावच्या धुरपदाबाईंचं ऑपरेशन पुढं होतं, म्हणून भूमिकेनं स्वतःच्या हातानं कार्ड पुसून त्यांच्या मुलाला, नवलला दिलं होतं. दोन घरी आहे, मग कार्ड अडवून दुसऱ्याचा आवाज कशाला घालवायचा?

तिनं दोन्ही घरांच्या नोंदी काढल्या. कोणती वस्तू कधी गेली, ते तिथं आपोआप लिहिलं जातं. जळगाव: शुक्रवार, दुपारी तीन वाजून सात सेकंद. धुळे: शुक्रवार, दुपारी तीन वाजून सात सेकंद.

म्हणजे एकच हात. आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या जगात दोनच माणसांकडे होत्या. एक नशिराबादचा हितेंद्र.

दुसरी ती स्वतः.

२

ही दोन घरं म्हणजे दोन सॉफ्टवेअर. जळगावचं 'कंठ', धुळ्याचं 'गळा'. काम एकच. ज्याचा आवाज जाणार आहे त्याचा आवाज जपायचा, आणि तोही आपल्या बोलीत. मोठ्या कंपन्यांची यंत्रं खान्देशी बोलायला लागली की वरातीतल्या इंग्रजी भाषणासारखी वाटतात. दोन्ही फुकट आणि दोन्ही उघडी. आतली ओळ न् ओळ कोणीही वाचावी, घ्यावी, बदलावी, वाटावी. मिळून करायचं काम म्हणून जगभर याचे गोडवे गातात.

आपल्याकडे काय झालं? जळगावला एका हॉस्टेलच्या खोलीत संयम ललवाणी आणि प्रेमराज बोरसे या दोघांनी मिळून एक चांगली वस्तू केली. मग कुठल्याशा परिषदेत स्टेजवर बोलायला कोणी उभं राहायचं यावरून दोघांचं फाटलं. वस्तू उघडीच होती, त्यामुळे अर्धी-अर्धी करायचीही गरज पडली नाही. दोघांनी अख्खीच्या अख्खी उचलली आणि नाव बदललं. तीन वर्षं झाली. जळगावात सुधारलेली चूक धुळ्यात पहिल्यापासून शोधून सुधारायची. धुळ्यात लिहिलेली सूचना जळगावात नव्यानं लिहायची. दोघांचा कडक अबोला. निरोप जायचे ते भूमिकेच्या तोंडून, कारण दोघांच्याही सूचना ती अहिराणीत आणत होती. तेच वाक्य दोनदा, आणि दोन्हीकडून "ताई, तुमचे उपकार आहेत" एवढंच. वर दोघं समाजकार्य करतात म्हणून पेपरात फोटो.

पेशंटलाही बाजू घ्यावी लागायची. जळगावला आवाज दिला की धुळेवाले फोन उचलत नसत. भूमिका दोघांच्या गरजेची, म्हणून तिला कोणी अडवलं नाही.

मंगळवारी ती जळगावला दाणाबाजारात संयमच्या दुकानात गेली. गल्ल्यावर त्याचे वडील निर्मलकुमार शेठ.

"या ताई. चिरंजीव मागं आहेत. तुरीच्या पोत्यांवर बसून जगाचं कल्याण करताहेत. पोतं हलवायला सांगा, पाठ दुखते त्यांची."

संयमनं सगळं ऐकून घेतलं. "प्रेमराज," तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

"त्याच्याकडचंही गेलंय. त्याच सेकंदाला."

"मग संशय येऊ नये म्हणून स्वतःचंही पुसलं असेल. तुम्ही ओळखत नाही त्याला, ताई. मी चार वर्षं त्याच्या ताटातलं खाल्लंय."

"त्याच्याकडे तुझ्या घराची किल्ली आहे?"

"नाही. पासवर्ड मी तीनदा बदलला. मी, तुम्ही आणि हितेंद्र. बस्स."

"बाकीच्यांची रेकॉर्डिंग?"

"एकसष्ट माणसं. सगळी जागच्या जागी. गेले ते फक्त आबा."

"शुक्रवारी तीनला तू काय करत होतास?"

"इथंच होतो. पप्पांना विचारा." त्यानं फोन हातातून काढून पालथा ठेवला. "जागा भरत आली होती, जरा साफसफाईचं लावून दिलं होतं. नेहमीचंच."

तिथून ती नशिराबादला गेली. हितेंद्र छपरांवर सोलर बसवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत एक मशीन ठेवून दोन्ही घरांची राखण करतो, कोणी न सांगता. तो दारातच म्हणाला, "किल्ल्या माझ्याकडे, म्हणजे चोर मी. असंच ना, ताई?"

"असंच."

"आवडलं आपल्याला. तोंडावर बोलता." त्यानं मशीनची नोंद दाखवली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी गावची लाइट अकरा ते पाच बंद होती. मशीन बंद. तो स्वतः एका कापसाच्या जिनिंगच्या छपरावर, फोन खाली डब्यापाशी, आणि साक्षीला सहा मजूर.

"मग तुझ्याकडे आबांची प्रत असेल," भूमिका म्हणाली. तिचा आवाज चढला. "हितेंद्रभाऊ, असेल ना?"

तो खाली बसला. "माझं मशीन म्हणजे आरसा आहे, ताई. दर रविवारी सकाळी दहाला दोन्ही घरांत डोकावतं आणि जे दिसेल तेवढंच ठेवतं. तिथून गेलेलं इथूनही जातं. परवा रविवारी दहापर्यंत आबा या खोलीत होते."

रविवारी दहाला भूमिका दवाखान्यात आबांच्या सुट्टीच्या कागदावर सही करत होती.

"पुसलेलं काही परत निघेल?"

"तुमचा फोन आला तेव्हापासून तेच करतोय. त्याच जागेवर धुळ्याचं नवं रेकॉर्डिंग बसलं. आठ वाक्यं निघाली, त्यातली तीन धड." त्यानं एक लावलं. आबांचा आवाज खोलीत आला: "आज बाजारात वांगी चांगली आली आहेत." मग खरखर.

तिनं हात वर केला. त्यानं बंद केलं.

ती निघताना तो पाठीमागून पुटपुटला, "तेव्हाच दोघांना म्हटलं होतं, किल्ली माझ्याकडे टांगा. ऐकतं कोण."

"कसली किल्ली?"

"त्यांच्या हॉस्टेलातलं प्रकरण आहे. त्यांनाच विचारा. मी पडलो राखणदार."

संध्याकाळी ती चोपड्याला पोचेपर्यंत दोन्ही घरांच्या उघड्या चर्चेत एकेक ओळ पडली होती. जळगाववाल्यांनी लिहिलं होतं: दोन्हीकडे हात पोचणारी व्यक्ती आता एकच उरते. धुळेवाल्यांनी अगदी तेच लिहिलं होतं. तीन वर्षांत दोन्ही घरांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते तिला चोर ठरवण्यावर.

३

बुधवारी सकाळच्या गाडीनं ती धुळ्याला गेली. प्रेमराज बोरसे तिथल्या एका कॉलेजात शिकवतो. लॅबमध्ये त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, "मॅडम, तुम्ही तर नाही ना केलं चुकून?"

"सर, माझा बाप आहे तो."

"म्हणूनच विचारलं. घाईत, टेन्शनमध्ये..."

"टेन्शनमध्ये मी भाजीत मीठ दोनदा घालते. दोन शहरांतली फोल्डरं एका सेकंदाला पुसत नाही."

तो ओशाळला. "मग त्या मारवाड्याचंच काम."

"त्याचं म्हणणं, तुमचंच काम. जात सोडून काही पुरावा असला तर द्या."

पुरावा नव्हता. त्याच्याकडच्या चव्वेचाळीस माणसांचे आवाज सुखरूप होते. तिनं शुक्रवारचं विचारलं. तीनला तो वर्गावर होता, पन्नास पोरं समोर. साफसफाईचं विचारलं, तर त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. शेवटी एक पत्र दाखवलं. दोन्ही घरांना जागा देणारी एक परदेशी संस्था आहे. संस्थेनं गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी कळवलं होतं: तुम्ही दोघं तेच तेच दोनदा ठेवताय, महिनाअखेर जागा मोकळी करा.

"हे संयमलाही आलं असेल," भूमिका म्हणाली.

"आलं असेल. आपल्याला काय."

ती खिडकीपाशी गेली. खाली कॉलेजची पोरं वडापावच्या गाडीभोवती गोळा झाली होती. तिनं डोक्यात पुन्हा मांडलं. जळगावात एकसष्ट राहिले, एक गेला. धुळ्यात चव्वेचाळीस राहिले, एक गेला. चोरानं आबांनाच का निवडलं? उखर्डू महाजनशी कोणाचं वैर? रिटायर झालेला स्टँडवरचा माणूस, ज्याचं भांडण झालं ते फक्त फलाटावर थुंकणाऱ्यांशी. वैर तिच्याशी म्हणावं, तर दोघांनाही उद्या सकाळी अनुवादाला तीच लागणार. मग एकशे पाच जणांत नसलेलं आबांमध्ये असं काय होतं?

आवाज? नाही. आजार? तो तर बहुतेकांना तोच.

एकशे पाच माणसं एकेका घरी होती. आबा दोन घरी होते.

आपल्याकडे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. हा म्हणतो तिकडे जेवला असेल, तो म्हणतो तिकडे जेवला असेल. चोरानं आबांना निवडलंच नव्हतं. त्यानं फक्त एवढंच पाहिलं होतं की ही वस्तू दोन ठिकाणी आहे.

"सर, तुमचा साफसफाईचा प्रोग्राम उघडा."

"त्यात काही नाही. जुनाच आहे. तीन वर्षं बंद होता, पत्र आल्यावर गुरुवारी चालू केला."

"उघडा म्हणते ना."

त्यानं उघडला. छोटा होता, पडदाभर. अगदी वर, माणसानं माणसासाठी लिहून ठेवलेली ओळ होती: "मी चहाला चाललो. किल्ली माझ्याकडे आहे, तोवर तू झाडू हातात घेऊ नको."

"हे कोणी लिहिलं?"

"त्यानं. का मी." प्रेमराज क्षणभर हसला आणि लगेच हसू गिळलं. "हॉस्टेलमध्ये. आठवत नाही."

"यातली किल्ली आता कुठं आहे?"

प्रेमराज पोरांना प्रोग्राम शिकवणारा माणूस होता. त्याला पुढचं सगळं एकदम दिसलं. तो उभा होता, तो हळूच खुर्चीत बसला.

भूमिकेनं तिथूनच जळगावला फोन लावला. "संयम, उद्या अकराला पारोळा. स्टँडसमोरचं हॉटेल."

"तो येणार असेल तर मी नाही, ताई."

"तो येतोय. तू आला नाहीस तर चोर म्हणून तुझं नाव मी लिहिते, दोन्ही घरांत. दोनदा लिहायची सवय आहे मला."

४

पारोळा मधोमध पडतं, म्हणून दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या गावात गेल्याचा कमीपणा नव्हता. तरी संयम अकराला आला आणि प्रेमराज सव्वाअकराला, कारण आधी येऊन वाट बघायला प्रेमराज तयार नव्हता. टेबल एक. दोघं तिरके बसले. मध्ये भूमिका.

"ताई, त्याला सांगा, मला दोनची गाडी आहे," संयम म्हणाला.

"मॅडम, त्याला सांगा, मलाही हौस नाही."

"आज मी कोणाला काही सांगणार नाही," भूमिका म्हणाली. "मी विचारते, तुम्ही माना हलवा. हॉस्टेलमध्ये तुमची दोन मशीन होती. जागा कमी. म्हणून तुम्ही झाडूवाला प्रोग्राम केला. आपल्याकडची वस्तू दुसऱ्याकडेही असली तर आपली टाकून द्यायची, आणि मागायला येईल त्याला तिकडे पाठवायचं. बरोबर?"

दोन माना हलल्या.

"आणि दोघांनी एकदमच टाकली तर? तेव्हा तुम्ही शहाणे होता. तुम्ही एक किल्ली ठेवली. एकच. एका खिळ्याला. जो किल्ली घेईल तो झाडणार, दुसरा थांबणार. मग तुमच्या वाटण्या झाल्या. सगळं दोन-दोन झालं. किल्लीचं काय केलंत?"

हॉटेलवाल्यानं तीन चहा आणि शेवेची बशी आणून ठेवली. कोणी हात लावला नाही.

"दोन केल्या," संयम म्हणाला.

"दोन किल्ल्या म्हणजे एकही नाही. भावांनी वाटणी करताना विहिरीचा दोर मधोमध कापावा, तसं. पण तीन वर्षं निभावलं, कारण झाडू दोघांकडेही बंद होता. मंगळवारी पत्र आलं. तू चालू केलास, यांनी चालू केला. एकमेकांना सांगितलं? नाही. जागा मी मोकळी करतो, तुझी राहू दे, हे म्हणायला जीभ झडली असती. वेळ कोणती? हॉस्टेलात लावलेली. शुक्रवार दुपारी तीन. कोणाला बदलायचंही सुचलं नाही. तीनच्या ठोक्याला जळगावनं आपल्या खिळ्यावरून आपली किल्ली घेतली. धुळ्यानं आपल्या. दोघांनाही वाटलं, किल्ली हातात आहे म्हणजे समोरचा थांबलाय. जळगावनं धुळ्याच्या उघड्या यादीत डोकावलं. आबा आहेत. धुळ्यानं जळगावच्या यादीत डोकावलं. आबा आहेत. सातव्या सेकंदाला दोघांनी पुसलं. एक सेकंद, म्हणून मी एक हात शोधत होते. हात दोन होते, एकाच आईनं वळण लावलेले."

"म्हणजे अपघात," प्रेमराज हळू म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. भूमिकेला ते ऐकू आलं, आणि तिथं तिचं डोकं फिरलं.

"अपघात सातव्या सेकंदापर्यंत. पुढचं ऐका. तुमचा झाडूवाला तुमच्याहून माणुसकीचा होता. टाकून झाल्यावर तो दुसऱ्याला पत्र पाठवतो. काल सरांच्या मशीनवर मी वाचलंय. 'माझी प्रत काढली. आता तुझीच उरली. जप.' ते पत्र मिळाल्याबरोबर दोघांनाही कळायला हवं होतं की दोन्हीकडची गेली. फोन काढा."

संयमनं काढला नाही. तिनं टेबलावरचा उचलून त्याच्यापुढे धरला. 'गळा'कडून येणारं सगळं न वाचता कचऱ्यात टाकायचं, असं त्यानं तीन वर्षांपूर्वीच लावून ठेवलं होतं. कचऱ्यात ते पत्र होतं. शुक्रवार, तीन वाजून नऊ सेकंद. प्रेमराजनं न सांगता आपला फोन पुढे सरकवला. तिथंही तसंच कचऱ्याचं टोपलं, तसंच पत्र, तोच सेकंद.

"रविवारी सकाळी दहापर्यंत आबा नशिराबादेत होते," भूमिका म्हणाली. "त्रेचाळीस तास. तुमच्यातल्या एकानं एकदा कचऱ्यात वाकून पाहिलं असतं, हितेंद्रला एक फोन केला असता, तर माझा बाप आज बोलला असता. मशीन मशीनशी बोललं. तुम्ही नाही बोललात."

बाहेर एरंडोलची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता.

मग संयमनं भिंतीकडे बघत म्हटलं, "ताई, त्याला सांगा, वेगळी किल्ली त्यानं मागितली होती."

"मॅडम, त्याला सांगा, हितेंद्र सांभाळतो म्हणाला तेव्हा नको कोण म्हणालं."

भूमिका दोघांकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, हे कळल्यावर यांचं काहीतरी मोडेल. रडतील, एकमेकांची गचांडी धरतील, काहीतरी. "तोंडं आहेत रे तुम्हाला," ती म्हणाली. "देवानं ठेवलीयत अजून."

तिनं तिन्ही चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि निघाली.

गाडी अमळनेर सोडून पुढं निघाली तेव्हा फोन वाजला. 'कंठ'नं जाहीर केलं होतं: साफसफाईतली एक जुनी त्रुटी आम्ही दूर केली आहे. चार मिनिटांनी 'गळा'नं जाहीर केलं: साफसफाईतली एक जुनी त्रुटी आम्ही दूर केली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे तोच उपाय काढला होता. दोघांनी आपापल्या कार्यकर्त्यांचे आभार मानले होते. "काही रेकॉर्डिंग गमावल्याबद्दल खेद" असं दोन्हीकडे होतं. उखर्डू महाजन हे नाव कुठंच नव्हतं. ती चोर नव्हती, हेही नव्हतं. खाली दोघांची विनंती होती: या निवेदनाचा अहिराणी अनुवाद भूमिकाताईंनी कृपया आजच करावा.

५

घरी दिवेलागण झाली होती. आबा खाटेवर, माय झुंबरबाई पायथ्याशी लसूण सोलत बसलेली. भूमिकेची तीन दिवसांची धावपळ आणि आता तिचा चेहरा बघून आबा काय ते समजले. त्यांनी पाटी उचलली आणि लिहिलं. "कोनी कयं?"

कोणी केलं, कसं झालं, तिनं सगळं सांगितलं. किल्ली, झाडू, शुक्रवार, कचऱ्याचं टोपलं. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. आबांनी डोळे न हलवता ऐकलं. स्टँडवर गाडी रद्द झाली की लोक खिडकीशी येऊन शिव्या द्यायचे, तेव्हा ते असेच ऐकायचे म्हणे.

"आठ निघाली, आबा. पण आठांत आवाज होत नाही. निदान तीनशे लागतात."

गळ्यावरची जाळी वर-खाली होत होती.

मायनं लसणाचं सूप बाजूला ठेवलं. "त्या सतरा दिन," ती म्हणाली, "हाऊ माणूस मनासंगे एक शब्द बोलना नही. गळा जपना पडी म्हने. दिनभर मशीनले वाची दाखाडे, आनि घरमा मुंडी हलाडे. मी म्हनं, जाऊ दे. मंग मशीन बोलीच ना जनमभर." तिनं पदरानं नाक पुसलं. "आखरी काय बोलना व्हता मनासंगे, तेबी माले आठवत नही."

आबा सतरा दिवस मायशी बोललेच नव्हते, हे भूमिकेला माहीत नव्हतं. त्या सतरा दिवसांत ती त्या खोलीच्या दाराबाहेर बसून वाक्यं मोजत होती. कोणी भांडं आपटलं तरी ती ओरडायची, घरात आवाज करू नका, रेकॉर्डिंग चालू आहे. तिनंच.

फोन वाजला. नवल होता, धुरपदाबाईंचा मुलगा. तिनं स्पीकरवर टाकला.

"ताई, मायचं ऑपरेशन शनिवारी आहे. तीनशे वाक्यं झालीत, अजून हजार बाकी. तुमच्या आबांचं ऐकलं, लोक काय काय लिहिताहेत. आता आम्ही कोणाकडे द्यायचं? जळगावला का धुळ्याला? का दोन्हीकडे देऊ?"

एकाकडे दे म्हणावं तर एकाचा भरवसा काय? दोघांकडे दे म्हणावं तर खाटेवर समोर बसलेलं दिसत होतं. "नवलभाऊ," ती म्हणाली आणि थांबली.

खाटेच्या लोखंडावर टकटक झाली. आबा पाटीवर लिहीत होते. अक्षर मोठं येत होतं. त्यांनी पाटी फिरवली.

भूमिकेनं ती वाचली. मग तशीच, तिच्या स्वतःच्या आवाजात, फोनवर वाचून दाखवली. "तिले सांगा, वाचनं बंद कर. पोरेससंगे बोली ले."

"कोण म्हणतंय हे, ताई?"

"आबा."

पलीकडे नवलच्या मागून, जाड गोधड्यांतून गाळून आल्यासारखा एका म्हातारीचा खरबरीत आवाज येत होता. ती एकेक शब्द जपून वाचत होती, गावात पाणी एक दिवसाआड येतं, गावात पाणी. दार उघडल्याचा आवाज झाला. नवल आत जाऊन काहीतरी पुटपुटला. वाचन थांबलं.

आबा फोनकडे टक लावून बसले होते.

मग ती म्हातारी म्हणाली, "जेवना का रे, नवल?"